तीन स्क्रू आणि तेरा अंडी

रविवार, दिनांक १२ मे २०२४. सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे. जांबोटीच्या परशरामच्या अंगणात माणसे तीन, सायकली तीन, कॅमेरा एक आणि अंडी तेरा, एवढा सरंजाम निघण्याच्या तयारीत उभा होता.

मोहिमेचा हेतू सांगायला सोपा होता. जांबोटीपासून गाडीवाटेने तेरा किलोमीटर आत, एका जुन्या किंजळीच्या झाडाच्या ढोलीत राखी धनेशाच्या मादीने मार्च महिन्यातच स्वतःला कोंडून घेतले होते. ढोलीचे तोंड आतून लिंपून मादीने पिल्ले वाढवायची आणि नराने बाहेरून, बोटभर फटीतून, तिला दोन-अडीच महिने भरवायचे, असा या पक्ष्याचा संसार! ती भिंत आता कोणत्याही दिवशी फुटणार होती. बेळगावच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सुविधाला त्या क्षणाचे छायाचित्र हवे होते. तिचे तीन वर्षांचे काम त्या एका चित्रापाशी अडले होते. वनखात्याची परवानगी एकाच दिवसाची, तीही मोटारवाहनाला मनाई करून दिलेली. आणि कॅमेरा, त्याच्या हातभर लांबीच्या लेन्ससह, महाविद्यालयाचा. सुविधाने तो स्वतःच्या सहीवर आणला होता.

"आप्पा, मी कॅमेरा पाठीवरच्या सॅकमध्येच घेते," ती सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाली.

"पाठीवर ओझी वाहायचे आपल्या घरातले दिवस संपले," तिचे काका यशपाल म्हणाले, आणि त्यांनी आपल्या सायकलच्या कॅरिअरवरची पेटी प्रेमाने थोपटली.

यशपाल यांचे वय त्रेसष्ट. तांत्रिक महाविद्यालयात शिकून त्याच महाविद्यालयाच्या कार्यशाळेत त्यांनी एकतीस वर्षे शिकवले होते. त्यांचे वडील यल्लाप्पा निपाणीच्या वखारीत तंबाखूची पोती वाहत. त्या वाकलेल्या पाठीवरूनच मुलगा वर्गखोलीपर्यंत पोहोचला होता. म्हणूनच असेल, कोणतेही ओझे दिसले की ते कशावर तरी टेकवावे, त्याला चाक लावावे, स्प्रिंग लावावी, असे यशपाल यांना वाटे. ही पेटी त्यांनी सव्वा महिना खपून केली होती. सागवानी फळ्या, चार कोपऱ्यांत चार स्प्रिंगा, त्यांवर तरंगता तळ, आणि तळावर स्पंजात रुतवलेला कॅमेरा. कॅमेऱ्याच्या वजनाची वीट आत ठेवून, विटेवर पाण्याने भरलेला पेला ठेवून त्यांनी अनगोळच्या डांबरी रस्त्यावर अकरा फेऱ्या मारल्या होत्या. पेल्यातले पाणी सांडले नव्हते. अकराही फेऱ्यांची नोंद वहीत वेळेसह होती.

फक्त एक गोष्ट वहीत नव्हती. आराखड्यात स्प्रिंगांच्या पोटात रबराचे चार गट्टू दाखवलेले होते. ते बसवल्यावर झाकण अर्धा इंच उघडे राहू लागले, तेव्हा यशपाल यांनी ते काढून टाकले. विटेला त्याचे काही वाटले नाही.

परशराम हा त्यांचा वाटाड्या. पन्नाशीचा, काटक, भाताची शेती आणि चार म्हशी असलेला. त्याची बहीण गुणाबाई किंजळीच्याही पलीकडच्या वाडीत राहत असे. तिची कोंबडी खुडूक होऊन उबवायला बसली होती, पण घरची अंडी मुंगसाने पळवली होती. तेव्हा जाता जाता रवणाला बसवायची तेरा अंडी पोहोचवायचे काम परशरामने अंगावर घेतले होते. बांबूच्या टोपलीत भाताचा कोंडा, कोंड्यात अंडी, वरून फडके, आणि ती टोपली जुन्या धोतराच्या पट्ट्याने पाठीशी घट्ट आवळलेली. आत जीव धरू पाहणारी अंडी फार हिंदकळली तर पिल्लू धरत नाही, हे सांगायला त्याला वही लागत नव्हती.

परशरामची बायको मनुबाई पेटीकडे बघत म्हणाली, "मास्तर, पेटी लई झ्याक हाय. आत नवरी बसिवलीया का काय?"

"तिच्याहून नाजूक आहे, मनुबाई!"

"मास्तर, येक बोलू?" परशरामने टोपलीची गाठ चाचपली. "त्यो कॅमेरा बी पाठीलाच बांधा. सायकलीला नुसती हाडं असत्यात. मानसाला मांस असतंय. धक्का मांसात जिरतोय."

यशपाल हसले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने भलते उत्तर दिले की ते जसे हसत, तसेच.

"परशराम, ही अंडी नव्हेत."

"व्हय की," परशराम म्हणाला, आणि त्याने पायडल मारले.

पहिले चार किलोमीटर सुखाचे गेले. वाट लाल मातीची, मऊ, दोन्ही अंगांना कारवीची रोपे, आणि वर जांभळी-किंजळींचे छत इतके दाट की उन्हाची नाणी तेवढी खाली सांडत होती. पुढे परशराम, मध्ये सुविधा, मागे यशपाल. एकदा कोठूनतरी उंचावरून कोणी खदाखदा हसल्यासारखा आवाज आला आणि यशपाल यांनी दचकून ब्रेक दाबले.

"धनेश हो, आप्पा!" सुविधा ओरडली. "त्याची हाकच तशी!"

"मानसाला बघून हसतंय त्ये," परशराम पुढून म्हणाला. "माज्या लग्नाच्या वरातीला बी हसलतं."

मग माती संपली आणि जांभ्या दगडाचा पट्टा लागला. वर्षानुवर्षे बैलगाड्यांच्या चाकांनी तासलेला, धुण्याच्या दगडासारखा आडव्या खाचा पडलेला तो दगड. सायकली कडकडू लागल्या, दात वाजू लागले. आणि सात वाजून पंचवीस मिनिटांनी यशपाल यांना तो आवाज ऐकू आला.

किट् किट् किट्.

घंटी असेल. त्यांनी घंटीवर अंगठा दाबला. किट् किट् किट्! मडगार्ड असेल. त्यांनी वेग कमी केला, आवाज थांबला. वाढवला, आवाज परतला. एका ठरावीक वेगाला तर तो पाठीमागून कोणी दात खात असल्यासारखा येऊ लागला. त्या वेगाचे नाव यशपाल यांना माहीत होते. एकतीस वर्षे त्यांनी फळ्यावर ते लिहिले होते: अनुनाद. स्प्रिंग धक्का पचवत नाही. ती तो साठवते आणि परत देते. नेमक्या ठेक्यावर धक्के आले तर वाढवून देते. पचवायचे काम रबराचे असते. रबर अनगोळला घरी, कपाटाच्या खालच्या खणात होते.

आठ वाजून दहा मिनिटांनी झऱ्यापाशी विसावा घेतला. सुविधा आणि परशराम बाटल्या भरायला उतरणीवरून खाली गेले. यशपाल यांनी पेटी उघडली.

लेन्स कॅमेऱ्याला जेथे बसते, त्या धातूच्या कड्याला पाच स्क्रू होते. त्यांतले तीन निखळून काळ्या स्पंजावर पडले होते. मोहरीच्या दाण्यांएवढे, चकचकीत. लेन्स उरलेल्या दोघांवर लोंबकळत होती. काच शाबूत होती.

अजून काहीच बिघडलेले नव्हते! तीन स्क्रू आवळायचे, कॅमेरा पाठीला बांधायचा आणि पुढे निघायचे; पाच मिनिटांचे काम. बारीक पेचकस तेवढा सुविधाच्या पिशवीत होता. 'सुविधा, तो बारका पेचकस दे.' पाच शब्द. खालून तिचे हसणे ऐकू येत होते. परशराम तिला काहीतरी सांगत होता आणि त्यात 'मास्तर' हा शब्द दोनदा आला. यशपाल यांनी ते पाच शब्द मनात जुळवले, आणि त्यांना अकरा फेऱ्या आठवल्या, पेला आठवला, 'ही अंडी नव्हेत' आठवले.

त्यांनी तीन स्क्रू उचलून सदऱ्याच्या खिशात टाकले आणि झाकण लावले.

"सगळं ठीक ना, आप्पा?" वर आलेल्या सुविधाने विचारले.

"अगदी," यशपाल म्हणाले.

त्यानंतरचे दोन किलोमीटर त्यांनी जन्मात कधी चालवली नसेल इतक्या हळू सायकल चालवली. पण खाचांना त्याची दया नव्हती. किट्‌किट् थांबली होती. तिच्या जागी खोल, बोजड ठकठक येत होती. प्रत्येक ठोका खिशातल्या तिघांना मोजत होता.

नऊच्या सुमारास वाट ओढ्यात उतरली. पाणी गुडघाभर, तळाशी शेवाळलेले गोल धोंडे. यशपाल यांचा उजवा गुडघा कुरकुरू लागला तसा परशरामने आपली सायकल पलीकडे टाकली आणि परत येऊन त्यांची धरली.

"द्या हिकडं, मास्तर. तुमी काठी घिऊन या सावकाश."

तो अर्ध्यात पोहोचला. डावा पाय धोंड्यावर टेकला. धोंडा हलला!

परशराम कोसळला. पडतानाही त्याने अंग वळवले ते पुढच्या बाजूला; पाठ वर ठेवून तो हनुवटीवर आपटला. सायकल त्याच्या मांडीवर कलंडली आणि पेटी पाण्याला जेमतेम शिवून थांबली. क्षणभर काहीच हलले नाही. मग परशराम गुडघ्यांवर उठला. हनुवटीतून रक्त ठिबकत होते. त्याने एक हात मागे नेऊन टोपली चाचपली आणि दुसऱ्या हाताने सायकल उभी केली.

"पेटी कोरडी हाय!" तो ओरडला. "काय न्हाय झालं, आक्का! काय न्हाय झालं!"

काठावर सुविधाने झाकण उघडले. लेन्स कॅमेऱ्यापासून बाजूला वाकली होती, कडे मुडपले होते, आणि आतल्या काचेवर एक तडा कोळ्याच्या धाग्यासारखा आरपार गेला होता.

तिने झाकण पुन्हा लावले, दहा पावले दूर गेली आणि झाडाकडे तोंड करून उभी राहिली.

परशरामने ओले हात जोडले. "आक्का, माज्या हातनं झालं. तीन वर्साचं काम तुमचं… मी भरून दीन. म्हस इकीन येखादी."

यशपाल यांचा हात खिशाकडे गेला. बोटांना कापडाआडून तीन बारीक टोके लागली. आणि मग त्यांच्या तोंडून असे एक वाक्य बाहेर पडले, की पुढे कित्येक दिवस जेवताना घास हातात धरून ते थांबत, ते त्या वाक्यामुळे.

"होतं असं कधी कधी, परशराम," ते म्हणाले. "मनाला लावून घेऊ नकोस."

त्यांनी परशरामला क्षमा केली होती!

परशरामने त्यांच्याकडे इतक्या कृतज्ञतेने पाहिले, की यशपाल यांना नजर ओढ्यात बुडवावी लागली.

सुविधा परतली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. "किंजळ तीन किलोमीटरवर आहे. चित्र नाही तर नाही, डोळ्यांनी बघून नोंद तरी करू. आणि अंडी पोहोचवायची आहेतच." पेटी पुन्हा यशपाल यांच्या सायकलीवर चढली. परशराम आता पुढे नव्हता. तो पेटीच्या बाजूने, एक हात तिच्यावर ठेवून, आपली सायकल दुसऱ्या हाताने ढकलत चालला होता. वरातीची गोष्ट नाही, मनुबाईची गोष्ट नाही. चढावर त्याला धाप लागली, तरी हात निघाला नाही. वरून धनेश पुन्हा खदाखदा हसला.

नऊ वाजून पन्नास मिनिटे. वाट एका मोकळ्या सपाटीवर निघाली आणि परशराम जागीच गोठला.

पन्नास पावलांवर गवा उभा होता. काळाभोर, वशिंडापर्यंत पुरुषभर उंच, गुडघ्यांखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. त्याच्यामागे कारवीत एक गाय, आणि तिच्या पोटाशी तांबूस वासरू.

"सायकली टाका," परशराम ओठ न हलवता म्हणाला. "त्या झाडामागं. पळू नगासा. सावकाश."

तिघे मागे सरकले. सायकली वाटेतच आडव्या पडल्या. गव्याने फुस्स् करून श्वास सोडला. एक पाऊल पुढे. मान खाली. खुराने माती उकरली. त्याच्या आणि झाडाच्या मधोमध यशपाल यांची सायकल पडली होती. पेटीच्या पितळी कडीवर ऊन चमकत होते, आणि गव्याची नजर त्या चमकेवर खिळली होती.

त्या क्षणी यशपाल यांच्या मनात जे आले, ते त्यांनी पुढे कोणालाही सांगितले नाही. पण ते आले होते. तुडव, त्यांना वाटले. तुडवून टाक ती पेटी. मग कोणीच काही विचारणार नाही.

"कॅमेरा!" परशराम पुटपुटला. "आता त्यो बी गेला, तर आक्काला मी तोंड कसं दावू?"

आणि तो झाडामागून बाहेर पडला!

वाकून, पाठीवरची टोपली सांभाळत, तो थेट पेटीकडे निघाला. वीस पावले. पंधरा. गव्याची मान आणखी खाली गेली. सुविधाने तोंडावर हात दाबला. दहा पावले!

"परशराम!" यशपाल ओरडले. असा आवाज आपल्या छातीत आहे, हे त्यांना त्रेसष्ट वर्षांत कळले नव्हते. "परशराम, मागं फिर! ते आधीच मोडलं होतं! तुझ्यानं नाही! माझ्यानं मोडलंय! माझ्यानं!"

परशराम थबकला. पेटी सहा पावलांवर होती. त्याने मागे वळून पाहिले. तोंड अर्धे उघडे, हनुवटीवर वाळलेले रक्त.

गवा सुटला!

जमीन हादरली. परशरामने बाजूच्या कारवीत अंग झोकले, पुन्हा पालथे, पुन्हा पाठ वर! काळा डोंगर धडधडत आला. शिंग सायकलीत अडकले. सायकल हवेत उडाली, गरगरली, पंधरा हातांवर आदळली. पेटी फुटली, चारही स्प्रिंगा चार दिशांना उडाल्या. परशरामची पेटीपर्यंतची ती सहा पावले पुरी झाली असती, तर त्या जागी तो असता. गव्याने एकदा वळून पाहिले, फुस्स् केले, आणि तो शांतपणे वासरापाशी जाऊन उभा राहिला.

अर्ध्या तासाने, झाडामागच्या खडकाच्या आडोशाला, यशपाल यांनी खिशातून तीन स्क्रू काढून तळहातावर ठेवले. स्क्रू एकमेकांवर किट्‌किट् वाजत होते.

"किती वाजता दिसलं, आप्पा?" सुविधाने विचारले.

"आठ दहाला."

"तेव्हा काच?"

"शाबूत होती."

"पेचकस माझ्याजवळ होता."

"माहीत होतं."

ती एवढेच म्हणाली, "ठीक." यशपाल यांना वाटले, तिने ओरडावे.

परशराम स्क्रूंकडे बघत होता. मग त्याने मान वर केली.

"आनि मला 'होतं असं कधी कधी' म्हनलासा?"

"हो," ते म्हणाले. "म्हणालो."

"मी म्हस इकायला निघालतो, मास्तर."

"हो."

परशराम उठला, टोपली सोडून फडके बाजूला केले आणि कोंड्यात बोटे घालून अंडी मोजली. मोजून झाल्यावर तोच पुन्हा मोजू लागला. हातांना काहीतरी काम हवे असावे.

गवा वाटेवरून हटत नव्हता. किंजळ त्याच्या पलीकडे होती. सुविधाने दुर्बीण डोळ्यांना लावली, घड्याळ पाहिले आणि दुर्बीण पिशवीत ठेवली. "वासरू आहे. आपण पुढं जायचं नाही. परशरामअण्णा, वाडीला दुसरी वाट आहे?"

"हाय. डाव्या अंगानं, डोंगराच्या सोंडंवरनं. लांब पडतंय."

"मग तिकडूनच."

फुटलेल्या पेटीजवळ, स्पंजात अडकलेला कॅमेरा मिळाला. यशपाल यांनी तो उचलला आणि काय करावे ते न कळून दोन्ही हातांत धरून उभे राहिले. परशराम त्यांच्याकडे न पाहता जवळ आला. खांद्यावरचा टॉवेल काढला, कॅमेरा त्यात गुंडाळला.

"वाका जरा, मास्तर."

यशपाल वाकले. परशरामने पट्टा छातीवरून घेऊन गाठ मारली. गरजेपेक्षा थोडी जास्त घट्ट. मोडक्या सायकलीचे वाकडे चाक उचलून धरत यशपाल सोंडेची वाट चढू लागले. प्रत्येक पावलाला ते ओझे पाठीवर टेकत होते आणि मांसात जिरत होते. आवाज कसलाच नव्हता. निपाणीच्या वखारीची पायरी चढणारी एक वाकलेली पाठ त्यांना साऱ्या वाटभर दिसत राहिली. त्या पाठीची लाज वाटून आपण पेटी केली, हे त्यांना त्या चढावर कळले, आणि त्याची लाज पहिल्या लाजेहून मोठी होती.

दुपारी पावणेबाराला गुणाबाईच्या ओसरीत तेराच्या तेरा अंडी खुडूक कोंबडीखाली गेली. "दादा, हनुवटीला काय रं झालं?" तिने विचारले. परशराम यशपाल यांच्याकडे पाहून म्हणाला, "मास्तर सांगतील." आणि यशपाल यांनी पहिल्यापासून सांगितले, गट्टूंपासून.

दुसरी परवानगी मिळून २३ मेला सुविधा त्या झाडापर्यंत पोहोचली, तेव्हा ढोलीची भिंत फुटलेली होती आणि आत कोणी नव्हते.

२ जूनला परशरामचा फोन आला. तेरातून बारा पिल्ले निघाली होती. पण फोन मध्येच मनुबाईने घेतला. "मास्तर, हिकडं गावात समदी म्हनत्यात, परशानं बाईंचा कॅमेरा पाडला. आमचं मालक कुनाला कायबी सांगंनात. तुमी काय म्हनतासा?"

यशपाल यांनी त्याच दिवशी सुविधाच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना द्यायचे निवेदन लिहून पुरे केले. मात्र पाठवण्याआधी ते जांबोटीला गेले. परशरामच्या अंगणात मनुबाई होती, शेजारची चार माणसे होती, आणि परशराम म्हशीच्या आडोशाला, ऐकू येईल एवढ्या अंतरावर, उगाचच दावे सोडत-बांधत होता. यशपाल यांनी चष्मा लावला आणि उभे राहून निवेदन पहिल्या ओळीपासून वाचले. त्यात गट्टू होते, वीट होती, आठ वाजून दहा मिनिटे होती, ओढ्याच्या काठी उच्चारलेले ते वाक्यही होते. दोन ठिकाणी ते अडखळले. ते थांबले आणि ती ओळ पुन्हा वाचली.

शेवटची नोंद अशी होती: "निखळलेले स्क्रू एकूण तीन. पेटीतील दोषामुळे निखळलेले तीन. परशराम यांच्या पडण्यामुळे निखळलेले शून्य."